कडूबाईंचं नवं गोंदण

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. तुम्ही हसाल, कारण माझं सगळं आयुष्य जेमतेम आठवडाभराचं. पण तेवढ्यात मी जे सोसलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तुमच्या शिसपेनीत ग्राफाइट असतं ना, त्याचाच सर्वांत पातळ पापुद्रा म्हणजे ग्राफीन. त्याची करडी नक्षी माझ्या अंगावर उमटवली आहे. मी कातडीला चिकटते, हृदयाचे ठोके टिपते आणि शेजारच्या बटणाएवढ्या डबीतून मोबाईलला कळवते. प्रयोगशाळेत माझं भारी कौतुक झालं.

मग पारनेरजवळच्या एका वस्तीवरल्या कडूबाईंच्या छातीवर मला चिकटवलं. त्यांचं हृदय मधूनच अडखळायचं, पण तपासणीच्या वेळी मात्र शहाण्यासारखं चालायचं. ते अडखळणं मी एकदा तरी पकडलं, तरच पुढचा उपचार ठरणार होता. डॉक्टर धनश्रींनी हे सगळं कडूबाईंच्या सुनेला, पंकजाला, नीट समजावलं. कडूबाईंना मात्र कोणीच काही सांगितलं नाही.

घरी आल्यावर कडूबाईंनी मला आरशात पाहिलं. त्यांच्या हातावर हिरवं तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. "ह्ये बी गोंदनच हाय की," त्या म्हणाल्या, आणि ताज्या गोंदणाला लावतात तसं हळद-तेल त्यांनी मला मायेनं चोळलं. रोज चोळलं. माझी कड सुटू लागली. मी घाबरले, पण ओरडायला मला तोंड कुठं होतं?

त्या दिवशी कडूबाई मुगाच्या शेंगा तोडत होत्या. एकाएकी त्यांचं हृदय थांबत थांबत चालू लागलं. मला ते पुसट जाणवलं, पण पुढं धाडता येईना. दूर बांधावर पंकजानं मोबाईल पाहिला. पडद्यावर काहीच नव्हतं.

"आत्या, पट्टी सुटली वाटतं. घरी गेल्याव बघू," ती तिथूनच ओरडली.

कडूबाईंना भोवळ आली. माझा एकच कोपरा चिकटून उरला होता. तो मी जिवाच्या आकांतानं धरून ठेवला.

पडता पडता कडूबाईंनी छाती हातानं दाबली, ती नेमकी माझ्यावर. मी पुन्हा कातडीला टेकले. अडखळणं अजून चालूच होतं. जे हाती लागलं ते मी पाठवून दिलं. मोबाईल कर्कश वाजला आणि पंकजा शेंगांची पाटी टाकून धावली.

दवाखान्यात डॉक्टर धनश्रींनी मी पाठवलेली ठोक्यांची रेघ पाहिली. पेसमेकर बसवायचं ठरलं. मला सोडवताना त्यांच्या बोटांना पिवळं तेल लागलं.

"हे काय लावलंत, आजी?"

"गोंदन लवकर बरं व्हावं म्हनून. ह्ये काय हाय, त्ये मला कुनी सांगितलंच न्हाई."

डॉक्टर खुर्ची ओढून कडूबाईंसमोर बसल्या आणि पेसमेकर म्हणजे काय, ते आधी त्यांनाच सांगू लागल्या.

मी तोवर कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत पडले होते. तिथून मी ते सगळं ऐकलं आणि मला बरं वाटलं. मित्रांनो, माझ्यासारख्या पट्ट्या पुढं पुष्कळ येतील. त्यांना जरूर सांभाळा, पण ज्याच्या अंगावर लावाल त्याला आधी सांगा. कडूबाईंनी माझी कधी हेळसांड केली नाही. त्यांनी मला जपलं, आणि त्या जपण्यातच त्यांचा जीव जाणार होता.