झाकणाखालची

मार्च महिन्याच्या अखेरच्या शनिवारी, ऐन दुपारी, घराच्या मागच्या खोलीत शिवणयंत्राच्या फळीवर थोरली बहीण रबरी शिक्के मांडून बसली होती. धाकटी संध्याकाळच्या विमानाने कायमची परदेशी निघाली होती आणि वाटेत या घराची किल्ली परत करण्यापुरती येणार होती.

आईचे सारे आजारपण धाकटीने काढले होते. शोकसभेत मात्र थोरली बोलली, झाडून सगळ्यांचे आभार तिने मानले आणि धाकटीचे नाव तेवढे राहून गेले. तेव्हापासून दोघींत अबोला होता. माफीचा शब्द तोंडातून फुटेना, म्हणून थोरलीने तो कार्डावर उमटवायचे ठरवले होते: वेणीवाली उंच मुलगी मागे, फ्रॉकवाली बुटकी पुढे.

ही विद्याही धाकटीचीच. "आधी उमटते ती पुढे, तायडे," ती शिकवताना म्हणाली होती. "मग तिच्यावर तिच्याच आकाराचं कागदी झाकण ठेवायचं आणि दुसरीचा शिक्का खुशाल त्यावरून मारायचा. झाकण उचललं, की दुसरी आपोआप मागे."

जाड कार्ड एकच उरले होते. चिकट चिठ्ठीवर फ्रॉकवाली उमटवून, रेषेच्या किंचित आतून कापून, थोरलीने झाकण तयार ठेवले होते. तिने शाईच्या गादीवर शिक्का टेकवला, श्वास रोखून कार्डावर दाबला, उचलला, आणि शिक्का चुकीचा घेतल्याचे तिला कळले. कार्डावर मधोमध वेणीवाली उभी होती, भांगापासून टाचेपर्यंत सबंध.

खोडरबराने शाई हटेना; कागद मात्र खरवडला गेला.

"अगं, एवढ्या वेळात दोघींची चार भांडणं उरकली असती!" नवरा दारातून म्हणाला.

"तुम्ही बाहेर बसा हो!" तिचा आवाज चिरकला.

फाटकाशी गाडी थांबली. डिंकाची बाटली उपडी केली, तर डिंक वाळून खडा झालेला. थोरलीने ते झाकणच उचलले आणि वेणीवालीच्या अंगावर चिकटवून टाकले. आता फ्रॉकवाली पुढे दिसत होती. दिसत तरी होती.

धाकटी आत आली. तिने किल्ली फळीवर ठेवली. थोरलीने कार्ड पुढे केले.

धाकटी पाहत राहिली. तिच्या हनुवटीला कंप सुटला, ओठ काही बोलण्यासाठी विलग झाले. मग सवयीने तिचा अंगठा चित्रावरून फिरला आणि एका कडेशी अडला. तिने नख घातले. चिठ्ठीचा कागद अलगद सुटून आला.

"अगं, हात चुकला गं माझा! मला तुलाच आधी—"

धाकटीने कार्ड किल्लीशेजारी ठेवले.

"मी वरून चिकटवलेली आहे," ती म्हणाली. "खाली तू अख्खी आहेस, ताई."