दोघींची झोप

मी उशी बोलतेय. माझ्यावर डोकं ठेवणारी माणसं माझं ऐकायच्या आतच झोपी जातात, आणि तेच बरं असतं. पण एक मुलगी माझ्यावर झोपलीच नाही. तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

वास्लुई शहराच्या पलीकडे, टेकडीच्या उतारावर वेतुरियाचं घर आहे. तिच्या अंगणातल्या पाळीव हंसांची मी पिसं. हिवाळ्यात शेजारच्या बायका चुलीभोवती बसून एकेका पिसाचा कडक देठ सोलून मऊ भाग वेगळा करत होत्या. कुणी दार उघडलं की सगळ्या एकदम ओरडत, "अगं लाव ते! उडून जाईल सगळं!" वेतुरिया मात्र कुणाला घाई करू देत नव्हती. "एक जरी देठ राहिला ना, तर माझ्या पोरीच्या गालाला टोचेल," असं ती म्हणे.

ही पोर म्हणजे स्मारांदा, तिची एकुलती एक लेक. तिला याश शहरात डॉक्टरकीच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. गावातून डॉक्टर व्हायला निघालेली ती पहिलीच. तिचा बाप हारालांबिए भेटेल त्याला थांबवून सांगायचा, "गुडघा दुखतोय? थोडी कळ काढ. आमची पोरगी येतेय शिकून." लोक हसायचे. पण ती सुट्टीत घरी आली की खरंच दोन-चार म्हाताऱ्या गुडघे दाखवायला दारात बसलेल्या असायच्या. ती लाजून म्हणायची, "अजून नाही हो येत मला काही." त्या म्हणायच्या, "मग लवकर शिक. आम्हाला कुठे वेळ आहे?"

ते वाक्य तिनं फार मनावर घेतलं.

याशमधल्या वसतिगृहाच्या खोलीत दोन पलंग होते. एक तिचा आणि दुसरा सुचावाकडच्या ओतिलियाचा. ओतिलिया गोल चेहऱ्याची, मोठ्यानं हसणारी, आणि झोपेला पक्की. तिचं डोकं उशीला लागलं की संपलं. खिडकीखालून ट्राम खडखडत जावो नाहीतर कुणी दार बडवो, ती हलायची नाही.

"ए अस्वला, ऊठ!" स्मारांदा तिला सकाळी हलवायची.

"अस्वल बरं," ओतिलिया पांघरुणातूनच म्हणायची. "ते निदान उठल्यावर मेंढरू तरी पळवतं. तू जागून जागून स्वतःच मेंढरू दिसायला लागलीस."

मला तिथे सगळी कामं मिळाली, माझं काम सोडून. स्मारांदा मला भिंतीशी उभी करून पाठ टेकायची. मांडीवर घेऊन माझ्यावर जाडजूड पुस्तक ठेवायची. थंडीत मला पोटाशी धरून बसायची. डोळे मिटायला लागले की उठून तोंडावर गार पाणी मारायची आणि परत यायची. तिच्या केसांतून ठिबकणारं ते पाणी माझ्यात मुरायचं. पहाटे कधीतरी ती बसल्या बसल्याच कलंडायची, पण थोड्याच वेळात दचकून उठायची. जणू चोरी करताना कुणी तिला पकडलं होतं.

मी जवळून पाहत होते. ती एकच पान पुन्हा पुन्हा मागे-पुढे उलटायला लागली. कॉफीत साखरेऐवजी मीठ पडलं, आणि तिनं ते न कळता पिऊन टाकलं. आईचा फोन आला की ती उगाच रडायची, आणि फोन ठेवल्यावर विचारायची, "मी का रडले गं?" ओतिलियाचं हसणं तिथेच थांबायचं.

"माझा आजा चीज कसं करायचा ठाऊक आहे?" ओतिलियानं एकदा तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. "दूध विरजलं की फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायचा. कुणी हात लावायचा नाही. तेव्हा कुठे ते घट्ट व्हायचं. तू नुसतं वरून दूध ओततेयस. टांगून ठेवायला वेळच देत नाहीस."

"झोपायला नंतर आयुष्य पडलंय," स्मारांदा म्हणाली, आणि पुस्तक परत ओढून घेतलं.

उन्हाळ्यात परीक्षा आल्या. शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत बाईंनी तिच्या हातात मनगटाचं एक छोटंसं हाड ठेवलं. त्या हाडाचं नाव तिनं माझ्या अंगावर बोटानं शेकडो वेळा गिरवलं होतं. पण त्या दिवशी ते आठवेना. परत आल्यावर ती ओतिलियाला सांगत होती, "मी नुसती बघत राहिले. बाई काहीतरी बोलत होत्या, आणि मला ते कळतच नव्हतं, जणू पाण्याखालून येतंय. शेवटी त्या म्हणाल्या, मुली, घरी जा, झोप, आणि मग परत ये."

"मग झोप ना!"

"परत यायचंय म्हणाल्या ना त्या. मग झोपू कशी?"

ती झोपली नाही. पुन्हा परीक्षा दिली, आणि या खेपेला पास झाली. मार्कही चांगले मिळाले. उड्या मारत खोलीत आली, ओतिलियाला मिठी मारली, मला छताकडे उडवून झेललं. सुट्टीसाठी सामान न्यायला तिनं बापाची जुनी गाडी आदल्या आठवड्यातच आणून ठेवली होती. दोघींनी मिळून सगळं गाडीत भरलं.

"आता तरी पड जरा," ओतिलिया म्हणाली. तिनं गाडीची किल्ली मुठीत दाबून धरली. "संध्याकाळी नीघ. गाव कुठे पळून जातंय?"

"आई दारात उभी असेल. तिथे जाऊनच झोपते. शपथ, दोन दिवस उठणार नाही. दे गं किल्ली!"

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की ओतिलियानं मूठ उघडली.

मी तिच्या शेजारच्या सीटवर होते. भर दुपार होती. सरळ रस्ता, दोन्हीकडे अक्रोडाची झाडं, त्यापलीकडे सूर्यफुलं. जाग राहावी म्हणून ती खिडकी उघडून मोठ्यानं गात होती. मग गाणं हळू झालं. मग नुसतं गुणगुणणं. मग तेही थांबलं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचं डोकं बाजूला झुकलं होतं, कपाळावरची आठी मोकळी झाली होती, ओठ जरासे उघडे. लहान मुलाच्या तोंडावर असते तशी गाढ, निर्धास्त झोप. वर्षभर मी त्या चेहऱ्याची वाट पाहत होते. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि मला हात नव्हते.

तिनं ब्रेक दाबलाच नाही. नंतर पोलीसही म्हणाले, रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. एक अक्रोडाचं झाड, आणि मग माझ्यावर काचांचा चुरा.

आमच्याकडे माणूस गेलं की मातीत पुरेपर्यंत त्याला एकटं सोडत नाहीत. घरात ठेवतात, आणि गाव त्याच्याजवळ जागं बसतं. स्मारांदाजवळही बसलं. पत्ते निघाले, जुन्या गोष्टी निघाल्या, कुणी हुंदके दिले. हारालांबिए खुर्चीत ताठ बसला होता. मग त्याची मान पडली. जागा झाला तेव्हा शरमेनं लाल झाला. "माझी पोर इथे, आणि मी झोपलो?" वेतुरियानं त्याच्या खांद्यावर शाल टाकली. "झोपा तुम्ही," ती म्हणाली. "या घरात जागून काय मिळालं ते दिसतंय समोर."

शवपेटीत डोक्याखाली उशी ठेवतात. बायकांनी मला उचललं, तर वेतुरियानं त्यांच्या हातातून घेतलं. "ही नको. दुसरी शिवते. ही मातीत घालायची नाही."

गेलेल्या माणसाच्या नावानं आम्ही वस्तू दान करतो. इथे जे कुणी वापरेल, ते तिकडे गेलेल्याला पोचतं. चाळिसाव्या दिवशी वेतुरियानं मला धुऊन, उन्हात वाळवून, पांघरुणावर ठेवलं. वर एक गोल पाव, आणि पावात पेटती मेणबत्ती. ते सगळं तिनं ओतिलियाच्या ओंजळीत दिलं.

"माझ्या स्मारांदाच्या नावानं," ती म्हणाली. "तू हिच्यावर झोप, बाई. तू झोपलीस की तिला झोप पोचेल."

"पोचो," ओतिलियानं पुटपुटत म्हटलं. मेणबत्ती कलली आणि मेण माझ्यावर सांडलं.

पण तिनं मला आपल्या पलंगावर घेतलं नाही. पानगळीत याशला परतल्यावर तिनं मला स्मारांदाच्या रिकाम्या पलंगावर ठेवलं, आणि माझ्याकडे पाठ करून अभ्यासाला बसली. आणि बसूनच राहिली. जी मुलगी ट्रामच्या आवाजानं हलत नव्हती, ती आता नळाच्या थेंबानं दचकायला लागली. डोळे मिटले की तिला रस्ता दिसायचा. कुणी विचारलं तर म्हणायची, "आता मला दोघींचा अभ्यास करायचाय."

कधी ती पुस्तकातून मान वर करून रिकाम्या पलंगाकडे बघायची. "तू पान उलटलंस का?" असं एकदा तिनं मोठ्यानं विचारलं. मी तुम्हाला काय सांगू? मीही तो आवाज ऐकला होता. माझ्याशेजारी कुणी बसावं तशी गादी दबायची. गार पाण्याचा ओलावा यायचा. माझ्यावर मात्र कुणी डोकं टेकत नव्हतं.

दर रविवारी वेतुरियाचा फोन यायचा.

"झोपतेस ना गं उशीवर?"

"हो मावशी. छान झोपते."

मग बर्फ पडलं, परीक्षा जवळ आल्या. एका रविवारी वेतुरियानं उशीचं विचारलंच नाही. म्हणाली, "ती स्वप्नात आली होती. दारात उभी. केस ओले, डोळे लाल. म्हटलं, ये की आत, पड जरा. तर म्हणते, कशावर पडू आई? मी अजून बसलेच आहे."

ओतिलियानं रिकाम्या पलंगाकडे पाहिलं आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला वेतुरिया स्वतःच दारात हजर. डोक्याला काळा रुमाल, बुटांना बर्फ, हातात टोपली. तिनं खोलीत नजर फिरवली. माझ्यावर धूळ बसली होती. मग तिनं ओतिलियाकडे पाहिलं. गोल चेहऱ्याची हाडं वर आली होती.

"अशी दिसत होती तीसुद्धा," वेतुरिया म्हणाली. "शेवटी शेवटी फोनवर तिचा आवाजही असाच असायचा. मला वाटायचं, पोरगी मेहनत करतेय. मी शेजारणींना कौतुकानं सांगायचे."

ओतिलिया जमिनीवरच बसली. "मावशी, किल्ली माझ्या हातात होती. मी धरून ठेवली होती. तिनं हसून मागितली आणि मी देऊन टाकली."

वेतुरियाचा जबडा हलत होता. मला वाटलं, आता ही टोपली उचलून निघून जाईल.

"तिनं मागितलं की मीसुद्धा देऊन टाकायचे," अखेर ती म्हणाली. "ऊठ. आधी खा, मग झोप."

"परवा पेपर आहे मावशी."

"परवा आहे ना? आज तर नाही. तुझ्या पेपरापायी माझी पोर आणखी किती जागवायची?"

टोपलीत मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली मामालिगा होती, मेंढीचं चीज होतं. ओतिलियानं रडत रडत खाल्लं. वेतुरियानं मला खिडकीबाहेर धरून झटकलं, स्मारांदाच्याच पलंगावर नीट ठेवलं आणि ओतिलियाला त्यावर निजवलं. स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसली, तिच्या केसांवर हात ठेवून.

पहिल्यांदा ते डोकं दगडासारखं होतं. मग हळूहळू सैल पडलं. श्वास लांब झाला. आणि तेव्हा माझ्या दुसऱ्या बाजूलाही वजन आलं. ओलं, गार, ओळखीचं. मी हलले नाही. ते ओलं डोकं माझ्यात रुतत गेलं, आणि सावकाश कोरडं झालं, ऊबदार झालं.

ओतिलिया दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उठली. वेतुरियानं मला उचलायला हात पुढे केला आणि तशीच थांबली. माझ्यावर शेजारी शेजारी दोन खळगे होते. दोघींनी ते पाहिले. वेतुरियानं नुसती छातीवर क्रूसाची खूण केली आणि दुसऱ्या खळग्यावर अलगद गाल टेकवला.

आता ओतिलिया सुचावाच्या इस्पितळात डॉक्टर आहे. माझा अभ्रा अनेकदा बदललाय, पिसं पातळ झालीत, एका कोपऱ्यात गोळा झालाय. तिचा नवरा मला टाकून दे म्हणतो. ती ऐकत नाही. शिकायला आलेली पोरं लाल डोळ्यांनी वॉर्डात दिसली की ती त्यांना घरी हाकलते. पोरं मागे तिला चिडवतात, 'झोपाळू डॉक्टरीणबाई'. तिला ते ठाऊक आहे.

मुलांनो, तुमचीही परीक्षा आली असेल. पुस्तकं उघडी असतील, पाठीशी कुणीतरी माझ्यासारखी उभी करून ठेवली असेल. तिला आडवी करा. डोकं टेका. वाचलेलं कुठे जात नाही. आम्ही ते रात्रभर सांभाळतो. आणि टेकताना जरा कडेला सरका, शेजारी जागा ठेवा. स्मारांदासारख्या, वर्षानुवर्षं जाग्या राहिलेल्या पुष्कळ आहेत, आणि त्यांना आपली आपली उशी नाही.