शेंड्याचा घास

सलग आठ सामने हरल्यावर पर्सेवा फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी ठरवलं की आता बास. आणि हे 'बास' कापडावर रंगवायचं काम नेहमीप्रमाणे रुस्दीच्या गळ्यात पडलं.

रुस्दी पेंटर होता. गावातल्या निम्म्या खाणावळींचे पडदे त्याच्या हातचे: एका बाजूला मिशाळ मांगूर मासा, दुसऱ्या बाजूला बदक आणि मधोमध छाती काढून उभा कोंबडा. पर्सेवाच्या झेंड्यावरचा रेडाही पंचवीस वर्षं तोच रंगवत आला होता. त्या बदल्यात त्याने कधी काही मागितलं नाही. पूर्वेच्या गॅलरीत तिसऱ्या पायरीवर, ढोलाच्या शेजारी, त्याची जागा ठरलेली होती, तेवढं त्याला पुरे होतं. तिथे चुकून दुसरं कोणी बसलं तर लोक त्याला उठवत.

"बारा मीटर कापड," कास्दू म्हणाला. कास्दू म्हणजे ढोलवाला. आठवडाभर गाडीवर मटणाच्या गोळ्यांचं सूप विकायचा आणि सामन्याच्या दिवशी ढोल बडवायचा. "आणि लिहायचं, 'गोंदो, पुरे!' अक्षरं अशी पाहिजेत की समोर खुर्च्यांत बसलेल्या अध्यक्षांना चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत."

"नाव घालायलाच पाहिजे का?" रुस्दीने विचारलं.

"मग काय 'अहो, पुरे' लिहू? मास रुस्दी," कास्दू त्याला दादा या अर्थी 'मास' म्हणायचा, "तुझ्या घरचा माणूस आहे, आम्हाला काय कळत नाही? पण आपले बॅक बघितलेस ना परवा? त्या हेरूने आपल्याच जाळ्यात गोल घातला आणि वर समोरच्या टीमची हात जोडून माफी मागितली! कशाची माफी? प्रशिक्षकच असा गोगलगाय, मग पोरं दुसरं काय शिकणार? लाथ मारायच्या आधी बॉलची परवानगी घेतात."

सूपच्या गाडीभोवतीचे सगळे हसले. रुस्दीही हसला, कारण खोटं काही नव्हतं.

"तुला जड जात असेल तर सांग," कास्दू सूप ढवळत म्हणाला. "बाजारपेठेतल्या त्या छपाईवाल्याकडून करून घेतो. मशीनवर अर्ध्या तासात होतं."

हे मात्र रुस्दीला झोंबलं. पर्सेवाचा रेडा मशीनवर? तो कापड खांद्यावर टाकून घरी आला आणि कापडाकडे बघत बसला.

प्रशिक्षक गोंदो त्याच्या थोरल्या बहिणीचा, विनारचा, नवरा. वीस वर्षांपूर्वी याच गोंदोने शेवटच्या मिनिटाला डोक्याने गोल मारून पर्सेवाला वरच्या गटात नेलं होतं. त्या दिवशी रुस्दी इतका ओरडला होता की पुढे तीन दिवस त्याच्या घशातून आवाज फुटला नाही, आणि चौथ्या दिवशी घरी कळलं की ताईला हाच मुलगा सांगून आलाय. लग्नाच्या मांडवात रुस्दी नवरीपेक्षा खूश होता. अशा माणसाचं नाव 'पुरे'च्या आधी लिहायचं! लिहिलं तर बहिणीच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं? आणि नाही लिहिलं तर तिसऱ्या पायरीवर कुठल्या तोंडाने बसायचं?

निदान आधी सांगावं तरी, म्हणून तो गोंदोकडे गेला. आता त्यांच्याकडची रीत अशी की मोठ्याला, त्यातून बहिणीच्या नवऱ्याला, अशी गोष्ट तोंडावर सांगत नाहीत. आधी चहा झाला. मग तळलेली केळी झाली. मग गोंदोने पिंजऱ्यातला होला दाखवला.

"घुमतो का हल्ली?" रुस्दीने विचारलं.

"कमी घुमतो," गोंदो म्हणाला. त्याचे गाल पार आत गेले होते. "माझं ऐकून ऐकून कंटाळला असेल."

"मास, मी म्हणत होतो..."

"काय?"

"पिंजऱ्याला रंग द्यायला झालाय."

गोंदोही दोनदा काहीतरी बोलायला आला आणि दोन्ही वेळा केळी पुढे सरकवून गप्प झाला. निघताना विनार दारापर्यंत आली. चप्पल घालणाऱ्या भावाला ती हळूच म्हणाली, "अंगावरचं सगळं झडलंय रे ह्यांच्या. जेवताना मीठ आणि मिरचीची वाटी मांडून बॅक कुठे उभे करायचे ते बघतात. मग मला मीठ मिळत नाही."

"मग सोडून का देत नाहीत, म्बाक?" त्याने ताईला विचारलं.

"कसं सोडणार? तुला माहितीये ना, तुंपेंग कोणी आणला होता ते."

सगळ्या गावाला माहीत होतं. हंगाम सुरू होण्याआधी क्लबचे अध्यक्ष, तांदळाच्या गिरणीचे मालक हाजी मुन्तोहा, स्वतः पिवळ्या भाताचा उंच तुंपेंग घेऊन गोंदोच्या घरी आले होते. भाताच्या त्या डोंगराचा शेंडा कापून त्यांनी गोंदोच्या हातात दिला आणि गोंदोने तो म्हाताऱ्या आईसमोर दोन्ही हातांनी घेतला. शेंडा ज्याला मिळतो त्याचा मान, आणि घेतला की शब्द दिला. कागदावरची सही एक वेळ मोडता येते. घशाखाली गेलेला शेंडा कसा परत करणार?

दुसऱ्या दिवशी रुस्दी गिरणीवर पाटी रंगवायला गेला. पाटी चांगली होती, पण अध्यक्षांनी मुद्दाम बोलावलं होतं. शिडीखाली उभे राहून ते बराच वेळ नुसते तांदळाचे दाणे या हातातून त्या हातात करत राहिले.

"गोंदो कसा आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बरे आहेत, पाक हाजी."

"चांगला माणूस. फार चांगला माणूस." त्यांनी उसासा टाकला. "मी स्वतः घरी जाऊन आणला त्याला. आता कोणत्या तोंडाने जा म्हणू? त्याच्या आईला काय वाटेल? तो स्वतःच म्हणाला असता तर... पण बिचारा जिद्दीचा आहे, सोडत नाही." मग शिडीच्या जवळ येऊन ते म्हणाले, "शनिवारसाठी तुंपेंग सांगून ठेवलाय मी. हरलो तर निरोपाचा म्हणून कापू. बोलायला काहीतरी निमित्त तरी होईल. तू कुणाला बोलू नकोस."

रुस्दीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. म्हणजे हाजींना गोंदोला काढायचंय, गोंदोला जायचंय, आणि दोघं एकमेकांची भीड धरून बसलेत! आणि त्या भिडेपायी अख्खं गाव दर शनिवारी छाती पिटतंय. त्याला इतका संताप आला की 'तांदूळ' शब्दावरचा अनुस्वार तो द्यायचाच विसरला.

घरी आल्या आल्या त्याने अंगणात कापड पसरलं आणि एका दमात 'गोंदो' लिहिलं. 'पुरे' लिहिताना मात्र हात पुढे जाईना. शुक्रवारी सकाळी तो तिथेच उकिडवा बसलेला असताना फाटक वाजलं. गोंदो आत आला. हातात रिकामा पिंजरा होता. रंगवायला आणला असणार.

कापड झाकायला वेळच मिळाला नाही. बारा मीटर कापड झाकायचं तरी कशाने? गोंदो आपल्या नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेला आणि परत आला.

"लाल नको," तो म्हणाला. "दुपारच्या उन्हात लाल फिकट दिसतो. काळा घे."

"मास..."

"पुढे काय लिहिणार होतास?"

"पुरे," रुस्दी खाली बघत म्हणाला.

गोंदोने पिंजरा खाली ठेवला आणि पायजमा वर ओढून तो शेजारी बसला. एवढा मोठा श्वास सोडताना रुस्दीने त्याला कधी पाहिलं नव्हतं. "आठ आठवडे मला हेच म्हणायचं होतं," तो म्हणाला. "पाक हाजींना मी कसं सांगू? त्यांनी शेंडा दिला, मी घेतला. आणि ते मला काढणार नाहीत, त्यांना भीड पडते. पण लोकांनीच हाकललं तर? मग त्यांनी काढलं असं होत नाही आणि मी सोडलं असंही होत नाही. आण तो ब्रश इकडे."

"तुम्ही लिहिणार?"

"रेघ तू ओढ. रंग मी भरतो. मला सरळ रेघ जमत नाही, माझे बॅक बघतोस ना?"

दुपारपर्यंत दोघांनी मिळून 'पुरे!' पूर्ण केलं. उद्गारचिन्ह गोंदोने एकट्याने काढलं, आणि चांगलं जाडजूड काढलं. रुस्दीच्या उरावरचा दगड उतरला. उद्या हरलं की सुटलो, असं तो मनात म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते कळून त्याने कान पकडले.

शनिवारी साडेतीनला सामना सुरू झाला. गॅलरीच्या कठड्यावर बारा मीटर कापड सोडलं आणि कास्दूने ढोल असा बडवला की समोर अध्यक्षांना नजर चुकवायला जागा उरली नाही. गोंदो खालच्या बाकावर बसला होता आणि महिन्याभरात पहिल्यांदाच पाठ टेकून बसला होता. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. बाकी राहिलं होतं फक्त हरायचं, आणि त्यात तर पर्सेवाचा हात कोणी धरला नसता.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला, शून्य-शून्य असताना, पर्सेवाला कॉर्नर मिळाला. उंच आलेला बॉल आपल्या अंगावर येतोय हे बघून त्या माफी मागणाऱ्या हेरूने घाबरून डोळे मिटले. बॉल त्याच्या कपाळावर आपटला आणि थेट समोरच्यांच्या जाळ्यात गेला.

गॅलरी वेडी झाली. आठ आठवड्यांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. कास्दू रुस्दीच्या गळ्यात पडून रडायलाच लागला. "गुंडाळा रे ते कापड, गुंडाळा!" तो ओरडला. "आपला गोंदो! शेवटी आपला तो आपलाच!" शिट्टी वाजायच्या आत कापडाची वळकटी झाली आणि तिच्यावर चौघे जण बसले. फक्त रुस्दी उभा राहून खाली बाकाकडे बघत होता. गोंदो हसत होता, टाळ्या वाजवत होता, पण त्याची पाठ पुन्हा ताठ झाली होती.

सामना संपल्यावर लोक मैदानात उतरले आणि अध्यक्षांची माणसं तुंपेंग घेऊन आली. पिवळ्याधमक भाताचा कमरेइतका डोंगर, भोवती तळलेलं कोंबडं, अंडी, हिरव्या भाज्या. निरोपाचा तुंपेंग! आता जिंकल्यावर निरोप कसा देणार? अध्यक्षांनी घाम पुसला. एकदा गोंदोकडे बघितलं, एकदा जमलेल्या गर्दीकडे बघितलं आणि जे तोंडातून निघायला नको तेच निघालं.

"आपला गोंदो," ते म्हणाले, "पुढच्या हंगामातही आपल्याबरोबरच राहणार!"

लोकांनी आरोळी ठोकली. अध्यक्षांनी सुरीने शेंडा कापला, केळीच्या पानावर ठेवला आणि पुढे केला. गोंदोचे दोन्ही हात आपोआप वर आले. लहानपणापासून वळण लागलेले हात ते, त्यांना नाही म्हणता येतच नव्हतं. फक्त बोटं उघडत नव्हती. गर्दीतून रुस्दीला ते दिसलं. लग्नात हेच हात त्याने पाहिले होते, तेव्हा ते आपल्या खुशीने पुढे झाले होते.

पुढचं त्याने ठरवून केलं नाही. तो घुसला, पानावरचा शेंडा उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला.

असलं काही कोणी जन्मात बघितलं नव्हतं. मोठ्यांच्या हातातला मानाचा घास पळवायचा! हेरूने तर सवयीने हात जोडले. रुस्दीचे गाल फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण शेंड्यात खोचलेली मिरची नेमकी त्याच्या दाढेखाली आली होती.

"पाक हाजी," तो तोंडात भात घेऊनच बोलला, "मास गोंदोंना घरी जायचंय. आठ आठवडे जायचंय. त्यांना तुमची भीड वाटते म्हणून सांगत नाहीत. आणि तुम्हाला त्यांची. शेंडा आता माझ्या पोटात गेला. कोणाचा शब्द घ्यायचाच असेल तर माझा घ्या, मी रेडा रंगवत राहीन. त्यांना सोडा!"

अध्यक्षांनी गोंदोकडे बघितलं. "खरं?"

गोंदोने नुसती मान डोलावली, दोनदा, लहान मुलासारखी.

"अरे मग आधी सांगायचंस ना!" हाजी मुन्तोहा ओरडले, आणि तिथेच गवतावर बसकण मारून पोट धरून हसायला लागले. "मला झोप नाही रे महिनाभर! अल्हमदुलिल्लाह! अरे, कोणीतरी मला भात वाढा!"

गोंदो त्यांच्यासमोर बसला. दोघांनी एकाच पानातून खाल्लं, आणि गोंदोने तीनदा वाढून घेतलं. विनारने घरी ऐकलं तेव्हा आधी तिने भावाला असभ्य म्हणून झापलं. मग आत जाऊन रडली आणि बाहेर येऊन त्याच्या पानात मोठं मासळीचं डोकं वाढलं. जेवणात मीठ बरोबर होतं.

उरलेले दोन सामने सहायकाने सांभाळले. शेवटचा घरच्या मैदानावर होता, आणि वरच्या गटात टिकायला बरोबरी पुरेशी होती. सामना सुरू व्हायच्या बेतात असताना पूर्वेच्या गॅलरीत कोणीतरी पायऱ्या चढत आलं. गोंदो होता. हातात उकडलेल्या शेंगांची पुडी होती. रुस्दी सरकला आणि त्याने आपली अर्धी जागा दिली.

पहिल्या दहा मिनिटांतच गोंदो उभा राहिला. "अरे, त्याला मागे घे! मागे! डोळे फुटले का त्या प्रशिक्षकाचे?" त्याची मान लाल झाली होती. मग तो एकदम थांबला, खाली बसला आणि शेंग सोलत रुस्दीला म्हणाला, "इथून किती सोपं दिसतं रे!"

शून्य-शून्य संपलं. पर्सेवा वाचली. कास्दूने ढोलाची कातडी फाटेपर्यंत बडवलं. गोंदो रुस्दीच्या खांद्यावर हात टाकून इतका ओरडला की त्याचा घसा बसला. तिसऱ्या पायरीवरून त्या दिवशी कोणी त्याला उठवलं नाही.