पहिल्या ओळीतली सुरी

कुणाला कशाचं वेड लागेल, काही नेम नाही. टक्केताईला सुऱ्यांच्या पोलादाचं लागलं होतं. कुठल्या पोलादात कार्बन किती टक्के, क्रोमियम किती, याची यादी ती इंटरनेटवर अकरा वर्षं सांभाळत होती. तेराशे ओळी! देशोदेशीचे सुऱ्या घडवणारे, आचारी, धार लावणारे ती यादी उघडून मगच कामाला हात घालायचे. टक्केताई हे नावही त्यांनीच ठेवलेलं. नवरा चिडवायचा, "आमच्या लग्नाची तारीख हिला आठवायची नाही. पण दशांशचिन्ह एक घर सरकलं, तर घास उतरत नाही घशाखाली."

यादीचा नियम एकच. प्रयोगशाळेचा कागद दाखवा, मग बोला. ऐकीव गोष्टींना तिथं थारा नाही. आणि हा नियम तिने सगळ्यात आधी लावला तो सख्ख्या बापाला.

बाबा लोहार. चाळीस वर्षं सुऱ्या घडवल्या, प्रत्येक पात्यावर पिंपळपानाचा बारीक ठसा. "पोलाद अस्सल आहे," असं गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचे. यादी सुरू करताना ताईने मोठ्या कौतुकाने पहिली ओळ त्यांच्या सुरीला दिली. ती कामाला होती त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत पात्याच्या बाजूवर यंत्राची ठिणगी पाडली; तिच्या उजेडावरून यंत्र धातूत काय किती ते सांगतं. कागद आला. कार्बन, शून्य पूर्णांक शून्य आठ टक्के. म्हणजे खिळे करावेत असलं मऊ लोखंड! त्याची धार दोन टोमॅटो टिकायची नाही.

कागद बघून बाबा इतकंच म्हणाले, "यंत्र म्हणतंय ना? मग लिही."

तिने लिहिलं. त्यानंतर बापलेकीत हवापाण्याच्या गप्पा तेवढ्या उरल्या. वर्षभरात बाबांनी भट्टी बंद केली. सुरी ताईच्या कपाटात तळाशी गेली. आपला बाप जन्मभर लोकांना फसवत आला, हे शल्य काही तिच्या मनातून जाईना.

आणि गेल्या आठवड्यात दूरदेशच्या एका आचाऱ्याचं पत्र आलं. "तुमची पहिली ओळ चुकलीय. हीच पानाच्या ठशाची सुरी मी पंचवीस वर्षं वापरतोय. वर्षातून दोनदा धार लावतो, बास. मऊ लोखंड असं चालेल का हो?"

ताईने सवयीने लिहिलं, "पुरावा?"

"तुमच्याकडची सुरी स्वच्छ घासा, कोमट व्हिनेगरमध्ये पाव तास ठेवा. सुरीच बोलेल, मी कशाला बोलू?"

रविवारी सकाळी तिने ट्रे भरून सुरी बुडवली. "अगं, अख्खी बाटली ओतलीस?" नवरा ओरडला. ती घड्याळाकडे बघत बसली. पाव तासाने सुरी काढून नळाखाली धरली.

पातं फिकट राखाडी झालं होतं. पण धारेलगत करंगळीच्या नखाएवढी रुंद, काळीभोर पट्टी उमटली होती. दोन्हींच्या मधून एक केसाएवढी रेष, मुठीपासून थेट टोकापर्यंत. तिने सुरी उलटी केली. तिकडेही तीच रेष, तितक्याच उंचीवर!

"अगं बाई!"

व्हिनेगरमध्ये कडक पोलाद काळं पडतं, मऊ लोखंड फिकट राहतं. पुस्तकात पान ठेवावं तसं बाबांनी मऊ लोखंडाच्या दोन पट्ट्यांत कडक पोलाद ठेवलं होतं. कुठे सांधा नाही, फट नाही. तापमान मोजायला काही नाही, नुसता आगीचा रंग बघून! यंत्र खोटं बोललं नव्हतं. तिनेच बाजूला ठिणगी पाडून धारेबद्दल निकाल दिला होता.

बाबा दोन गल्ल्या सोडून राहायचे. ओल्या फडक्यात सुरी गुंडाळून ती तशीच गेली.

"बाबा, तेव्हाच सांगायचं होतंत ना!"

"सांगितलं असतं, तर काय केलं असतंस?"

उत्तर तिला ठाऊक होतं. पुरावा मागितला असता, दुसरं काय?

बाबांनी पातं खिडकीशी धरून रेषेवरून अंगठा फिरवला. "इतकी साफ मीसुद्धा कधी बघितली नव्हती," ते हळूच म्हणाले. "बाजू मऊ, म्हणून मोडत नाही. आत जुनी कानस आहे, घासून घासून गुळगुळीत झालेली."

"त्यात कार्बन किती ते मोजायचं, तर पातं कापावं लागेल."

"काप की. दाखव यंत्राला." अकरा वर्षं गिळलेला राग त्या आवाजात होता.

ती तिथेच जमिनीवर बसली आणि मोबाइलवर यादी उघडली. बाजू, शून्य पूर्णांक शून्य आठ. धार, जुन्या कानशीचं पोलाद. कार्बनचा रकाना तिने रिकामा सोडला. दुरुस्तीचं कारण म्हणून लिहिलं, "घडवणाऱ्याला न विचारता मोजलं. चूक माझी." तरी यादी नोंद घेईना. पुरावा लिहिल्याशिवाय घ्यायचीच नाही, तिनेच तशी बांधली होती. मग पुराव्याच्या रकान्यात, बाकीच्या सगळ्या ओळींत जिथे प्रयोगशाळेचं नाव होतं, तिथे या एका ओळीत तिने लिहिलं, "बाबांनी सांगितलं."

"वाच," बाबा म्हणाले.

तिने वाचलं. अगदी शेवटच्या दोन शब्दांपर्यंत.

बाबांनी दुसरं फडकं घेऊन पातं कोरडं पुसलं आणि मूठ तिच्याकडे करून सुरी पुढे धरली.

"आता कपाटात नको ठेवूस हिला," ते म्हणाले. "गंजेल. वापर."