कालव्याचं टोक

माझे वडील, अप्पा, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत त्यांनी टोकाच्या उमरी गावाकडे जाणारा कालवा आखला होता, पण पाणी वरच्या अंगाच्या पुढाऱ्यांच्या उसातच मुरलं.

निवृत्तीनंतर लातूरच्या अंगणात त्यांनी नळापासून केळीपर्यंत चर खणला. त्या सकाळीही नळ सोडून त्यांनी केळीपाशी उभ्या असलेल्या मला हाक मारली, “अंबिका, आलं का पाणी टोकाला?”

“तुमच्या योजनेत टोकाला कधी आलं होतं, अप्पा?” मी नेहमीसारखं म्हटलं.

ते हसले. “पुढच्या पंचवार्षिकात येतंय की.”

दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

आता पाहुणे परतलेत. मी स्वतःच नळ सोडते आणि केळीपाशी जाऊन उभी राहते. पाणी हळूहळू मुळाशी पोचतं. नळापाशी कोणीच नाही.

“आलं, अप्पा,” मी मोठ्याने म्हणते. “टोकापर्यंत आलं.”