नात्याचा रकाना

“काका, एक रकाना राहिलाय तुमचा.” शिक्षिकेने अर्ज फिरवून त्यांच्यापुढे सरकवला. “मुलाखत देणाऱ्याशी नातं. सून लिहा नि मोकळे व्हा. पाचला गठ्ठा जातो माझा.”

परतवाल्यांनी चष्मा लावला. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर एकतीस वर्षे बसून त्यांनी कोऱ्या रकान्यांचे इतके अर्ज परत केले होते, की सगळे त्यांना ‘परतवाले’च म्हणत आणि खरे नाव केवळ पगारपत्रकापुरते उरले होते. बासष्टाव्या वर्षी त्यांनी बहुसांस्कृतिकता आणि विविधता अभ्यासाच्या प्रमाणपत्रासाठी नाव घातले, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी यथेच्छ थट्टा केली. या वयात कोणती परदेशी नवरी गाठलीत, असेही एकाने विचारले. परतवाल्यांनी कारण सांगितले नाही. सून परभाषिक होती. मुलगा अपघातात गेल्यावर ती नातीला घेऊन माहेरी परतली, आणि नात आता आईचीच भाषा बोलते, असे कानावर आले होते. नातीला भेटू द्या म्हणायचे, तर कोणत्या तोंडाने? तोंड नाही, तर निदान प्रमाणपत्र तरी दाखवता येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

परीक्षेऐवजी मुलाखत होती: वेगळ्या संस्कृतीतल्या व्यक्तीशी तासभर बोलायचे आणि छापील अर्ज भरायचा. बाकीच्यांनी तसेच केले. परतवाल्यांनी मात्र कोरा अर्ज टपालाने सुनेकडे पाठवला. ज्याची माहिती त्यानेच भरावी, हा त्यांच्या खिडकीचा नियम.

सतरा दिवसांनी अर्ज आला. उत्तरे परतवाल्यांच्या भाषेत होती. अक्षर नवशिक्याचे, मोठे, प्रत्येक ओळ पट्टी ठेवून लिहिलेली. सातवा प्रश्न होता: नव्या घरात सर्वांत अवघड काय वाटले? त्याखाली तिने लिहिले होते, ‘जेवताना तुम्ही माझ्याविषयी यांना विचारायचात. मी समोरच बसलेली असायचे.’

“भरताय ना?” शिक्षिकेने विचारले.

“तो तिने कोरा ठेवलाय.”

“विसरल्या असतील हो.”

“बाकी तेवीस भरलेत. विसरली नाही ती.”

“अहो, पण सूनच ना तुमची?”

“ते तिनं म्हणायला हवं.”

पुढची तुकडी निघेल याची खात्री नाही, आजची तारीख टळली तर वर्षाची मेहनत पाण्यात जाईल, असे शिक्षिकेने परोपरीने समजावले. हवे तर मीच लिहिते, असेही ती म्हणाली. परतवाल्यांनी अर्जाची मूळचीच घडी घातली.

“अपुरा अर्ज घेऊ नका, बाई,” ते म्हणाले. “मी कधी घेतला नाही.”

घरी चार खुर्च्यांच्या टेबलापाशी, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर ते बसले. दप्तरातून उरलेला कोरा अर्ज काढला आणि मुलाखत देणाऱ्याच्या जागी स्वतःचे नाव घातले. शेजारी शब्दकोश उघडा ठेवून, सुनेच्या भाषेत, पट्टी धरून ते एकेक उत्तर लिहू लागले. सातव्या प्रश्नाला बराच वेळ गेला. ‘घर जुनेच आहे,’ त्यांनी लिहिले. ‘समोर कोणी नसते.’

नात्याच्या रकान्याशी पेन थांबले. तो त्यांनी तसाच सोडला. मग स्वतःचा पत्ता लिहून टपाल तिकीट लावलेले परतीचे पाकीट अर्जासोबत लिफाफ्यात घातले, आणि आयुष्यात प्रथमच अपुरा अर्ज टपालात टाकायला ते चपला घालून निघाले.