दोन माइक, एक आवाज

माझ्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, गळ्यावर शस्त्रक्रिया ठरली. आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. ताई रेडिओवर गायची, पण नेहमी कोरसमध्ये, चौघींच्या मागे. तिचा एकटीचा आवाज कुठेच मुद्रित झालेला नव्हता. म्हणून आदल्या दिवशी मी तिला स्टुडिओत बसवलं. बारापर्यंत खोली आमची होती.

मी तिथे वायरी ओढायच्या कामाला लागलो होतो आणि कानाच्या जोरावर आवाज जुळवायच्या टेबलाशी पोचलो होतो. लिहिता-वाचता येत नव्हतं. कुठली कळ कुणाची, हे रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचो.

ताईसमोर दोन माइक लावले. एक ओठांजवळ, दुसरा वीतभर मागे. पहिल्याची कळ वर केली, आवाज भरून आला. दुसऱ्याची केली, तोही छान. दोन्ही एकत्र केल्या आणि ताई विरघळली. पाण्याखालून कुणी गावं तशी, पातळ, लांब.

हेडफोनमधून तिनेही ते ऐकलं.

"गेलासुद्धा का रे?" ती म्हणाली. "उद्यापर्यंत तरी थांबायचं त्याने."

मी कळा खाली करून पुन्हा वर केल्या. तीनदा तेच झालं, तेव्हा थोरल्या इंजिनिअरांना बोलावलं. त्यांनी मी परवा जोडलेली दुसऱ्या माइकची नवी वायर उघडली आणि टोकाजवळचे बारीक आकडे दाखवले. मी रंग पाहून जोडायचो, आणि या वायरीचे रंग निराळे होते. दोन तारांची अदलाबदल झाली होती. एक माइक आवाज पुढे ढकलायचा, तेव्हा दुसरा मागे ओढायचा. दोघेही खरंच सांगतायत, इंजिनिअर म्हणाले, पण एकमेकांचं खोडतायत.

"अगदी आपले आई-बाबा," ताई म्हणाली.

तारा सोडवून पुन्हा डाग देऊन जोडेपर्यंत बाराला दहा कमी होते. तिचा गळा दमला होता. तरी गायली. दोन्ही कळा वर गेल्या आणि खोली हळूहळू भरत गेली. भिंती, पंखा, काच, सगळं तिच्या आवाजाचं झालं. मला वाटलं मी लहान आहे, तापाने फणफणलोय, आणि ती उशाशी बसलीय.

नंतर तिला ते ऐकवलं.

"एवढी मोठी कोण रे ही?"

"तूच."

तिने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

शस्त्रक्रियेनंतर ताई पाटीवर लिहून बोलू लागली. ती शाळेत गेली होती, मी नाही. तिचं बोलणं कळावं म्हणून बावन्नाव्या वर्षी मी तिच्यासमोरच अक्षरं गिरवायला बसलो. ती नुसते ओठ हलवून उच्चार दाखवायची, आणि चुकलो की खडूने बोटांवर मारायची.

पुढच्या मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी, ताई वारली. तेव्हा मी जोडाक्षरांपर्यंत पोचलो नव्हतो.